तीन कोपऱ्यांचं इंजिन

माझदा म्हटलं की आमच्या नांदेड-लातूरकडच्या माणसाला स्पोर्ट्स कार आठवत नाही, स्वराज माझदा आठवते. शाळेची बस, वऱ्हाडाची गाडी, बाजाराला जाणारा टेम्पो. पंजाबात तयार होणाऱ्या या गाडीच्या कंपनीचं नाव २०११ साली एसएमएल इसुझू झालं, पण आमच्याकडे लोक अजूनही तिला 'माझदा'च म्हणतात. त्या गाडीत साधं सरळ डिझेल इंजिन. पण तिला नाव देणाऱ्या हिरोशिमाच्या कंपनीने आयुष्यभर दुसऱ्याच एका इंजिनाचा ध्यास घेतला होता. त्यात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, कनेक्टिंग रॉड नाही. एक फुगीर बाजूंचा त्रिकोण डब्यात गरगर फिरतो आणि गाडी पळते.

माझदाने आपल्या मोटारी भारतात अधिकृतपणे कधी विकल्या नाहीत, त्यामुळे नांदेड-लातूर रस्त्यावर मला आजवर एकही रोटरी गाडी दिसलेली नाही. तरीही या इंजिनाचं एक घर महाराष्ट्रात होतं, आणि तेही आमच्यापासून फार लांब नाही. त्याबद्दल पुढे येईलच. गेले तीन-चार विकांत या विषयात घातले, त्यातून जे हाती लागलं ते इथे टंकतो आहे.

आधी थोडं गणित. (पळू नका, छोटंसंच आहे. :-)) नांदेडला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ड्रॉइंगच्या तासाला आम्ही एपिसायक्लॉइड, एपिट्रोकॉइड असले वक्र काढायचो. एका वर्तुळावरून दुसरं वर्तुळ गडगडत न्यायचं आणि त्याच्यावरच्या एका बिंदूचा माग काढायचा. एन. डी. भट्टांचं पुस्तक उघडायचं, आकृती उतरवायची, शीट सबमिट करायची. हे कशाला लागतं हा प्रश्न आम्ही विचारला नाही आणि सरांनीही स्वतःहून सांगितलं नाही. रोटरी इंजिनाचा डबा म्हणजे बरोब्बर तो एपिट्रोकॉइड! कमरेत किंचित आवळलेला लंबगोल, साधारण शेंगदाण्यासारखा. त्रिकोणी रोटरची तिन्ही टोकं फिरताना सतत या भिंतीला लागून राहतात. त्रिकोणाच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामध्ये तीन पोकळ्या होतात आणि रोटर फिरला की त्या लहान-मोठ्या होत जातात. ओढणे, दाबणे, पेटणे, बाहेर टाकणे ही चारही कामं एका फेरीत उरकतात. रोटरच्या एका फेरीत मधला शाफ्ट तीन वेळा फिरतो. म्हणजे मीटरवर ९००० आरपीएम दिसत असले तरी रोटर बिचारा ३००० नेच फिरत असतो. पिस्टनसारखं वर जाऊन थांबणं आणि खाली येणं नाही, म्हणून कंप जवळजवळ नाही.

आकारमानाचं सूत्र तर फारच गोड आहे. शाफ्टचं विकेंद्रन १५ मिमी, रोटरची त्रिज्या १०५ मिमी, रुंदी ८० मिमी. या तिघांचा गुणाकार करा आणि त्याला तीन गुणिले वर्गमूळ तीनने गुणा. उत्तर येतं ६५४ सीसी. असे दोन रोटर म्हणजे १३०८ सीसी, म्हणजेच माझदाचं प्रसिद्ध '१३बी' इंजिन. आता हे खरंच १३०८ सीसी धरायचं की जास्त, यावर भांडणं झालेली आहेत. जपानच्या सरकारने दीडपट धरून कर लावला, तेव्हा त्यांच्या लेखी तरी प्रश्न सुटला.

कागदावर एवढं सुंदर दिसणारं इंजिन सगळ्या जगाने का उचललं नाही? उत्तर त्या त्रिकोणाच्या टोकांवर आहे. प्रत्येक टोकाला खाचेत बसवलेली धातूची एक बारीक पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. पिस्टनला रिंग असते तशीच ही, पण रिंगचं नशीब चांगलं. तिला गोल सिलिंडर मिळतो, तेल मिळतं आणि भिंतीशी तिचा कोन कधी बदलत नाही. ही पट्टी मात्र वाकड्या भिंतीवरून सतत कोन बदलत घासत जाते, तीही पेटत्या वायूच्या शेजारून. माझ्या मते या इंजिनाचा सगळा इतिहास म्हणजे या पट्टीचाच इतिहास आहे.

फेलिक्स वांकेल हा १९०२ साली जन्मलेला जर्मन. कॉलेजची पदवी नाही, आणि दृष्टी इतकी अधू की गाडी चालवायचा परवानाही नाही. (नाझी पक्षाशी त्याचा संबंध होता, ते लपवायचं कारण नाही.) त्याचं खरं कौशल्य सीलमध्येच होतं. फिरत्या भागांमधून वायू निसटू कसा द्यायचा नाही, यावर त्याने आयुष्य घालवलं. एनएसयू कंपनीत १ फेब्रुवारी १९५७ ला त्याचं पहिलं इंजिन चाललं. त्यात रोटरबरोबर डबाही फिरायचा, त्यामुळे प्लग बदलायचा तर इंजिन खोलावं लागे. हान्स डीटर पाश्के नावाच्या तिथल्याच इंजिनीअरने डबा स्थिर ठेवून सोपी रचना केली. ती वांकेलला आवडली नाही, पण जगभर गेली ती पाश्केचीच. नाव मात्र राहिलं वांकेलचं. आमच्या आयटीतही असं होतं, असो.

एनएसयूने १९६४ मध्ये छोटी स्पायडर आणि १९६७ मध्ये मोठी आरओ-८० बाजारात आणली. आरओ-८० दिसायला काळाच्या वीस वर्षं पुढची, आणि तिला युरोपात १९६८ ची 'कार ऑफ द इयर' ठरवण्यात आलं. मग इंजिनं परत यायला लागली. पन्नास हजार किलोमीटरच्या आतच कितीतरी गाड्यांची सीलं गेली. कंपनीने गॅरंटीत इंजिनं बदलून दिली, पुन्हा बदलून दिली. समोरून दुसरी आरओ-८० आली की मालक एकमेकांना बोटं दाखवायचे म्हणे, 'माझी आतापर्यंत एवढी इंजिनं झाली'. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवॅगनच्या पंखाखाली ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. माझं स्पष्ट मत असं की इंजिन वाईट नव्हतं, चाचणी कमी पडली होती. आमच्या भाषेत सांगायचं तर बीटा रिलीज प्रॉडक्शनवर टाकलं. फरक इतकाच की इथे पॅच पाठवता येत नाही, अख्खं इंजिन पाठवावं लागतं.

हिरोशिमाची तोयो कोग्यो (माझदाचं तेव्हाचं नाव) १९२० साली बुचाचा कारखाना म्हणून सुरू झाली होती. साठीच्या दशकात जपान सरकारच्या मनात छोट्या मोटार कंपन्या मोठ्यांत विलीन करायचं होतं. वेगळं काही दाखवलं नाही तर आपण संपलो, हे ओळखून त्यांनी १९६१ मध्ये एनएसयूशी परवान्याचा करार केला. केनिची यामामोतो या इंजिनीअरच्या हाताखाली ४७ जण दिले. जपानी दंतकथेतले सत्तेचाळीस रोनिन म्हणजे धन्याच्या सुडासाठी एकत्र आलेले सामुराई, त्यांचंच नाव मग या तुकडीला पडलं.

त्यांचा शत्रू म्हणजे भिंतीवर उठणाऱ्या आडव्या लाटा, धुणं धुवायच्या फळीसारख्या. 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असं नावच पडलं होतं. सील भिंतीवर सरकत नव्हतं, थरथरत उड्या मारत होतं. त्यांनी सीलसाठी काय काय करून पाहिलं, त्यात गाईघोड्यांची हाडंसुद्धा होती! खरा उलगडा झाला तो असा की दोष नुसत्या मटेरियलचा नाही, सीलच्या स्वतःच्या कंपनसंख्येचा आहे. सीलच्या टोकाजवळ उभी-आडवी भोकं पाडून ती बदलली तेव्हा ओरखडे थांबले. नंतर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली सीलं तयार केली आणि मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरची गाडी विकायला आली. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सर्वांत आवडतो. एनएसयूला जे ग्राहकांच्या गाड्यांवर कळलं, ते यांनी आधी टेस्ट बेंचवर सोसलं.

पुढचं भराभर सांगतो. मर्सिडीज, सिट्रोएन, जनरल मोटर्स, सुझुकी, सगळ्यांनी हात मारून पाहिला. १९७३ च्या तेलसंकटानंतर बहुतेकांनी सोडून दिलं, कारण हे इंजिन पेट्रोल पितं. ज्वलनाची पोकळी लांबट आणि चपटी, वर ती पुढे सरकत जाते, त्यामुळे कोपऱ्यातलं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. एका रोटरला दोन प्लग असतात ते याचसाठी. माझदा त्या संकटात बुडता बुडता वाचली आणि तरीही १९७८ मध्ये आरएक्स-७ घेऊन आली. इथे त्यांची अक्कल दिसते. रोजच्या गाडीत जे इंजिन महाग पडतं तेच हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये शोभतं. लहान आहे, बुटकं आहे, मागे सरकवून बसवता येतं, वजन दोन्ही चाकांवर सारखं वाटलं जातं. आरएक्स-७ तीन पिढ्यांत आठ लाखांहून जास्त विकली गेली. १९९१ मध्ये चार रोटरच्या ७८७बीने ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. 'म्हणून रोटरीवर बंदी घातली' असं जालावर सगळीकडे वाचायला मिळतं, पण ३.५ लिटर पिस्टन इंजिनांचा तो नियम शर्यतीच्या आधीच ठरलेला होता. २००३ ते २०१२ आरएक्स-८ आली आणि प्रदूषणाच्या नियमांपुढे तीही गेली.

आता देखभालीचं. हा भाग मला पुस्तकांपेक्षा लातूरच्या आमच्या मामांमुळे जास्त कळला. औसा रोडला त्यांचं दुचाकीचं गॅरेज आहे, चाळीस वर्षं टू-स्ट्रोकमध्ये हात काळे केलेले. दिवाळीत मी त्यांना लॅपटॉपवर ॲनिमेशन दाखवलं आणि म्हटलं, "मामा, या इंजिनात पंपाने मुद्दाम थोडं थोडं तेल आत सोडतात, सील घासू नये म्हणून. ते पेट्रोलबरोबर जळून जातं."

"म्हंजी आपली चेतकच की रं," मामा म्हणाले. "तेल न्हाई टाकलं तर जाम हुनारच. त्यात नवं काय?"

खरंच, नवं काही नाही. वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आल्यापासून अख्खा मराठवाडा पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मिसळत आला आहे. आरएक्स-८ घेतलेल्या परदेशातल्या लोकांना मात्र 'गाडी ऑइल खाते' ही तक्रार वाटली. दर दुसऱ्या टाकीला ऑइलची काडी तपासायची हे त्यांना कुणी नीट सांगितलं नाही, किंवा सांगितलेलं त्यांनी ऐकलं नाही. जाणकार मालक तर पंपावर न विसंबता लिटरमागे चार-पाच मिली टूटी ऑइल स्वतःच टाकतात.

दुसरी सवय: गार इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही. गाडी गेटबाहेरून आत घेतली आणि बंद केली, की पेट्रोलने प्लग ओले होतात, भिंतीवरचं तेल धुतलं जातं आणि पुढच्या वेळी गाडी चालूच होत नाही. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, म्हणजे पेट्रोल बंद होतं, आणि स्टार्टर मारत राहायचं. मामा म्हणाले, येझदीचा प्लग ओला झाला की आम्ही कीक मारून मारून हेच करायचो.

तिसरी गोष्ट पाणी. हे इंजिन सँडविचसारखं आहे, लोखंडी पाट आणि ॲल्युमिनियमचे डबे लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले. तापलं की दोन्ही धातू वेगवेगळे फुगतात आणि मधली रबरी सीलं जातात. एकदा जरी गाडी चांगली उकळली तरी इंजिन खोलायची वेळ येऊ शकते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर, आणि रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतायची पद्धत. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे मेकॅनिकला 'डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच टाक' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? पण रोटरीला दुसरा इलाज नाही.

आणि सेकंडहँड घेताना कॉम्प्रेशन. साधा गेज लावला तर तो तीन पोकळ्यांपैकी सगळ्यात चांगलीचा आकडा दाखवून मोकळा होतो, उरलेल्या दोन मेल्या असल्या तरी! त्यासाठी तिन्ही आकडे वेगळे दाखवणारा टेस्टर लागतो. आरएक्स-८ ला २५० आरपीएमवर साधारण ८.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर चांगलं, ६.९ च्या खाली गेलं की इंजिन बांधायला काढायचं. विकणाऱ्याने साध्या गेजचा फोटो दाखवला तर नमस्कार करून घरी यावं.

आता अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथे संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. सैन्यासाठी 'निशांत' हे वैमानिकरहित टेहळणी विमान बनलं, त्याला आयात केलेलं वांकेल इंजिन होतं. असल्या विमानाला हलकं आणि न थरथरणारं इंजिन हवं असतं, नाहीतर कॅमेऱ्याला काय दिसणार? ते इंजिन इथेच करायचं ठरलं तेव्हा बंगळुरूच्या एनएएलने मुख्य गाभा केला, व्हीआरडीईने इग्निशन आणि इंधनाची यंत्रणा केली, आणि बंगळुरूच्याच एडीईने ते विमानाला जुळवलं. वजन साधारण ३० किलो. २००९ मध्ये एका पहाटे कोलारच्या धावपट्टीवरून त्या इंजिनावर निशांत पहिल्यांदा उडालं आणि चाळीस मिनिटांनी सुखरूप परत मिळालं. भारतात आराखड्यापासून बनलेलं हे पहिलं वांकेल इंजिन. आणि त्यात सगळ्यात अवघड काय होतं, तर डब्याच्या आतल्या भिंतीवरचा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप. म्हणजे हिरोशिमाच्या सत्तेचाळीस जणांना जिथे ओरखडे दिसले होते, तीच जागा! पुढे २०१५ पर्यंत लष्कराकडची चारही निशांत विमानं अपघातांत गेली आणि लष्कराने तो विषय सोडला. त्यामुळे या इंजिनाचं नाव फारसं कुणाच्या कानावर राहिलं नाही, नगरच्या लोकांच्यासुद्धा. मला ते अन्यायाचं वाटतं.

माझदाने मात्र अजून सोडलेलं नाही. २०२३ मध्ये एमएक्स-३० या विजेच्या गाडीत त्यांनी एकच रोटर बसवला, ८३० सीसीचा. तो चाकं फिरवत नाही, फक्त बॅटरी भरतो. म्हणजे लग्नाच्या मांडवामागे धडधडणारा जनरेटर असतो ना, तसा, फक्त धडधड न करणारा. कॉस्मोच्या काळात एपेक्स सील ६ मिमी जाडीचं होतं, नंतर ३ झालं, मग २ झालं. या नव्या इंजिनात ते पुन्हा अडीच मिलिमीटर केलं आहे.