चेंडूला वाट कशी कळते?

मंडळी, परवा मुलाने फिजिक्सचा अभ्यास करताना विचारलं, "बाबा, वर फेकलेल्या चेंडूला कसं कळतं कुठून जायचं?" माझं बारावीतलं उत्तर तयार होतं: बल, त्वरण, क्षणाक्षणाने पुढे. पण दुसरंही एक उत्तर आहे. त्याच उत्तराच्या वाटेने सापेक्षतेच्या व्यापक सिद्धांतापर्यंत पोचता येतं. आपल्याला शाळेत ते कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहितोय.

चेंडू सुटल्यापासून झेलेपर्यंतच्या सगळ्या शक्य वाटा मनात काढा. प्रत्येक वाटेवर दर क्षणी गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करून बेरीज करत जा. या बेरजेला 'ॲक्शन' म्हणतात. चेंडू अशी वाट धरतो, की ती किंचित बदलली तरी बेरीज जवळजवळ हलत नाही. दरीच्या तळाशी पाऊलभर सरकलं तर उंची फारशी बदलत नाही, तसंच. अठराव्या शतकात ऑयलर आणि लाग्रांज यांनी या कल्पनेला गणिती रूप दिलं.

आता १९१५. उन्हाळ्यात आइन्स्टाइनने जर्मनीतल्या गॉटिंगेनला आपल्या अपुऱ्या सिद्धांतावर व्याख्यानं दिली. तिथला थोर गणितज्ञ हिल्बर्ट या विषयाने झपाटला. नोव्हेंबरमध्ये आइन्स्टाइन बर्लिनच्या अकादमीत दर गुरुवारी नवा निबंध मांडत होता. १८ तारखेला बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा जुना घोळ सुटला, २५ला अंतिम समीकरणं आली. मधेच, २० तारखेला, हिल्बर्टने गॉटिंगेनमध्ये आपला निबंध मांडला. त्याची रीत चेंडूचीच, फक्त वाटेच्या जागी अख्खं अवकाश-काल! प्रत्येक बिंदूपाशी वक्रता सांगणारी एक संख्या घ्यायची, त्यात पदार्थाचा वाटा मिळवायचा, सगळ्याची बेरीज करायची आणि ती किंचित बदलाने हलू नये अशी अट घालायची. गुरुत्वाकर्षणाची दहा समीकरणं या एका अटीतून निघतात.

मग पहिला कोण? हिल्बर्टच्या लेखाची ६ डिसेंबरच्या शिक्क्याची प्रुफं अभ्यासून १९९७मध्ये इतिहासकारांनी दाखवलं, की त्यांत अंतिम समीकरणं स्पष्ट लिहिलेली नाहीत. पण एका पानाचा तुकडा कापलेला आहे, म्हणून वाद उरलाच. त्या दोघांनी मात्र तो वाढवला नाही. २० डिसेंबरला आइन्स्टाइनने स्वतःहून पत्र लिहून मनातली कटुता संपल्याचं कळवलं. आज त्या बेरजेला दोघांचंही नाव आहे.

मुली असलेल्यांनी हेही सांगा: याच सिद्धांतात ऊर्जेच्या अक्षय्यतेचं कोडं होतं. ते सोडवायला हिल्बर्ट आणि क्लाइनने एमी नोएथरला बोलावलं. बाई म्हणून तिला अध्यापनाचा हक्क नाकारला गेला, ती हिल्बर्टच्या नावाखाली शिकवायची. १९१८मध्ये तिनेच सिद्ध केलं, की ॲक्शनमधल्या प्रत्येक सलग सममितीमागे एक अक्षय्यतेचा नियम असतो.

आणि हो, १९६४मध्ये केंब्रिजला फ्रेड हॉइल आणि आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तोही ॲक्शनपासूनच सुरू करून.

आमच्याकडे शनिवारी अंगणात चेंडू फेकून झाला. मुलाचा पुढचा प्रश्न: "पण बाबा, बेरीज करतं कोण?" मी अजून विचार करतोय. तुमच्या घरी काय उत्तर निघतं ते खाली लिहा.