सुभेदार मल्हारराव होळकर आणि घराण्याचे कागद

माळव्यात मराठ्यांची सत्ता ज्यांच्या घोड्यांच्या टापांखाली स्थिर झाली, त्या सरदारांत सुभेदार मल्हारराव होळकर यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांच्या पराक्रमाच्या कथा सर्वतोमुखी आहेत. तथापि पराक्रमाची कथा आणि घराण्याचे दप्तर या दोन भिन्न वस्तू होत. कथा पुरुषाला देवत्वाकडे नेते. दप्तर त्याला पुन्हा गृहस्थ करून आपल्यापुढे उभा करते. मल्हाररावांचे चरित्र पाहताना या दोहोंचा मेळ घालणे अगत्याचे आहे.

त्यांचा जन्म 16 मार्च 1693 या दिवशी नीरा नदीच्या काठी होळ या गावी धनगर कुळात झाला, असे मानतात. होळकर हे उपनाम याच गावावरून पडले. वडील खंडोजी हे मुलाच्या बालपणीच निवर्तले, आणि मातेने मुलास घेऊन खानदेशातील तळोदे येथे आपले बंधू भोजराज बारगळ यांचा आश्रय केला. मेंढरे राखता राखता निजलेल्या बालकावर नागाने फणा धरल्याची कथा घराण्याच्या कैफियतीत येते. अशी कथा आपल्या देशात अनेक भाग्यवान पुरुषांविषयी सांगतात. तिचे प्रामाण्य शोधीत बसण्यात हशील नाही. मामाच्या पदरी घोडेस्वारांचे एक लहानसे पथक होते, आणि भाच्याच्या हातात काठीच्या जागी भाला आला, ही गोष्ट मात्र भाग्योदयाचे कारण म्हणून पुरेशी आहे. पुढे मामाचीच कन्या गौतमाबाई त्यांना दिली.

भोजराज हे कदम बांडे यांच्या चाकरीत होते, म्हणून मल्हाररावांचे पहिले निशाणही तेथलेच. होळकरांचा तांबडा व पांढरा ध्वज मूळचा बांड्यांचा, आणि पेशव्यांचे मोठे सरदार झाल्यावरही त्यांनी तो बदलला नाही. जुन्या धन्याचे ऋण इतक्या साधेपणाने मिरविणारे सरदार विरळाच.

बाजीराव पेशव्यांच्या सेवेत आल्यावर 1725 च्या सुमारास त्यांच्याकडे पाचशे स्वारांची सरदारी आली. फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेड येथे निजामाची कोंडी झाली, ती समोरासमोरच्या झुंजीने नव्हे. शत्रूची रसद तोडणे, दाणावैरण व पाणी दुर्मीळ करणे, रात्री एका ठिकाणी तर प्रातःकाळी वीस कोसांवर असणे, हे या युद्धाचे स्वरूप होते, आणि मल्हाररावांचे स्वार त्यात मुरलेले होते. त्यानंतरच्या दहाबारा वर्षांत माळवा, दिल्लीची 1737 ची स्वारी, भोपाळ, वसई असा त्यांचा घोडा फिरत राहिला. ते सर्व येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

घराण्याच्या कागदांत सर्वांत बोलका कागद 20 जानेवारी 1734 चा आहे. सरदारास फौजेच्या खर्चासाठी जो सरंजाम मिळतो ती दौलत. तीवर हुकूम पेशव्यांचा. याव्यतिरिक्त गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर करून देण्यात आली, तिला खासगी म्हणत. माळव्यातील महेश्वर, देपालपूर आदी ठिकाणांचे 2,63,000 रुपये आणि दक्षिणेतील चांदवड, कोरेगाव इत्यादींचे 36,010 रुपये, मिळून 2,99,010 रुपये वार्षिक उत्पन्नाची ही जहागीर. सरदारी जाईल, राहील. गृहिणीच्या हातचा घास सुरक्षित असावा, हा त्यातील हेतू उघड आहे. ज्याने पितृछत्र हरपल्यावर मातेचे परावलंबित्व पाहिले होते, त्याला हे सुचावे यात नवल नाही.

मार्च 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात एकुलता एक पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने ठार झाला. सून अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाली असता वृद्ध श्वशुराने तिला विनवून मागे फिरविले. यानंतरचा पत्रव्यवहार अवश्य वाचावा. 1765 च्या एका पत्रात सुभेदार सुनेला चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जाण्यास, तेथे चारपाच दिवस मुक्काम करून मोठ्या तोफा व दारूगोळा यांची तरतूद करण्यास सांगतात. हे पत्र सांत्वनाचे नाही, कामाचे आहे. आणि विधवेला दौलतीच्या कामात जोडून घेणे याहून मोठे सांत्वन त्या काळी कोणते असणार?

त्यांचे दोषही झाकण्याचे कारण नाही. नजीबखानास त्यांनी धर्मपुत्र मानून 1757 मध्ये वाचविले, त्याचे प्रायश्चित्त पानिपतावर अवघ्या महाराष्ट्रास भोगावे लागले. 14 जानेवारी 1761 रोजी रणांगणातून निघून आल्याबद्दल त्यांना दूषण देणारे तेव्हाही होते. बुणगे मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे हा त्यांचा सल्ला सदाशिवरावभाऊंनी मानला नव्हता, हे त्याचबरोबर ध्यानी घ्यावे. त्याच वर्षी गौतमाबाई निवर्तल्या व खासगी अहिल्याबाईंकडे आली. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, अडुसष्टाव्या वर्षी, मांगरोळ येथे जयपूरच्या फौजेचा पराभव करून सुभेदारांनी उत्तरेत मराठ्यांची पत पुन्हा सावरली.

20 मे 1766 रोजी आलमपूर येथे त्यांचा देहान्त झाला. नातू मालेराव सुभेदार झाला, पण 1767 मध्ये तोही गेला. तेव्हा दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तक घेण्याचा आग्रह धरला, राघोबादादा फौजेनिशी चालून आले, आणि घराणे उठते की राहते असा प्रसंग ओढवला. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत; माधवराव पेशव्यांनी त्यांचा पक्ष उचलून धरला; फौजेचा भार तुकोजी होळकरांवर आला. दौलतीचा व खासगीचा हिशेब पूर्वीपासूनच निराळा होता, म्हणून बाईंच्या हातास दानधर्मात कोणाची आडकाठी राहिली नाही. काशीविश्वेश्वराचे देवालय, गयेचे विष्णुपद मंदिर, घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांच्यामागे ही खासगी उभी आहे. आज जो यात्रेकरू त्या घाटांवर स्नान करतो, त्याला तळोद्याच्या घोडेस्वाराचे स्मरण क्वचितच होत असेल.

सुभेदारांच्या मुद्रेत म्हाळसाकांताच्या चरणी तत्परता आणि पिता खंडोजी यांचे नाव, एवढेच आहे, पदवी नाही. आलमपूर येथे अहिल्याबाईंनी त्यांची छत्री बांधविली. चहूकडे शिंद्यांचा मुलूख पसरलेला असताना तो एवढासा परगणा, 1948 साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन होईपर्यंत, होळकरांकडेच राहिला.