दुष्काळ, दख्खनचा (1876–78)

मुंबई व मद्रास इलाखे, म्हैसूर आणि निजामाचे हैदराबाद संस्थान यांना ग्रासणारा दुष्काळ. शके 1798 चे संवत्सर ‘धाता’ असल्याने तेलुगू आणि तमिळ मुलखात तो याच नावाने लक्षात राहिला. 1876 च्या पावसाने दगा दिला. खरीप करपला, रब्बीची पेरणीही बहुतेक ठिकाणी साधली नाही. सोलापूर, कलादगी, सातारा, नगर, पुणे जिल्ह्यांतली कुटुंबे गुरे विकून किंवा सोडून देऊन घराबाहेर पडली. उपासमारीमागोमाग पटकी आणि हिवताप आला. ब्रिटिश मुलखातील बळी साधारण 55 लाख धरले जातात. काही अभ्यासकांचे अंदाज याहून बरेच मोठे आहेत.

एक पौंडाची मजुरी. दुष्काळी कामांवरची मजुरी ठरवणारा सर रिचर्ड टेंपल हैदराबादला नवखा नव्हता. 1867 मध्ये तो येथे रेसिडेंट होता. 1874 च्या बिहारच्या टंचाईत त्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. या कामाबद्दल शाबासकी मिळायची, ती राहिली बाजूला. उधळपट्टीचा ठपका मात्र आला. जानेवारी 1877 मध्ये व्हाइसरॉय लिटनने त्याला दक्षिणेत धाडले, तेव्हा तो काटकसरीचा कैवारी झाला होता. दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, हा त्याचा दर. एक पौंड म्हणजे सुमारे 39 तोळे, 80 तोळ्यांच्या अर्ध्या शेरालाही कमी. तेवढ्यावर उन्हात खडी फोडायची आणि मातीच्या पाट्या वाहायच्या. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हा शिधा जगण्यापुरताही नाही असे ठणकावले, आणि तिथे काही महिन्यांनी दर वाढला.

मुंबई इलाख्यात मजुरांनी स्वतःच हत्यारे खाली ठेवली. हजारो बायामाणसे कामे सोडून गेली. पोटात अन्न नसताना केलेला हा संप दुष्काळाच्या इतिहासात फार थोडक्यात उरकला जातो, हा अन्यायच आहे. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेने घेतली. गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती मागवून सरकारला पत्रांमागून पत्रे लिहिली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलशीही सभेचा पत्रव्यवहार होता.

परदेशी मदत. ऑगस्ट 1877 मध्ये मद्रासमधील जाहीर सभेत केलेल्या आवाहनावरून लंडनच्या लॉर्ड मेयरने मॅन्शन हाउस निधी उघडला. ब्रिटन आणि वसाहतींतून सुमारे 8 लाख पौंड जमले. त्यातला मोठा हिस्सा मद्रास व म्हैसूरला गेला. बी-बियाणे, बैल आणि घरांची शाकारणी यांवर तो खर्च झाला. मद्रासमधील मदत समितीचे चिटणीस विल्यम डिग्बी यांनी 1878 मध्ये या मोहिमेचा दोन खंडांत वृत्तांत लिहिला. निधीबद्दलची आजची बरीचशी माहिती तिथलीच. देणाऱ्यांची कणव खरी होती. पण त्याच 1877–78 मध्ये भारतातून सुमारे 3 लाख टन गहू इंग्लंडला गेला, आणि 1 जानेवारी 1877 ला दिल्लीत व्हिक्टोरियाच्या सम्राज्ञीपदाचा दरबार थाटात पार पडला. सल राहिला तो इथे.

आयर्लंडमध्ये हेच आधी घडले होते. 1845 पासूनच्या बटाट्याच्या रोगाने तिथे सुमारे 10 लाख माणसे मेली, आणि त्या काळातही धान्य व गुरे बाहेर जातच होती. कलकत्त्यात तेव्हा आयरिश मदतनिधी उभारला गेला. सुमारे 14,000 पौंड रवाना झाले आणि देणाऱ्यांत भारतीयही होते. आयरिश मदतीची सूत्रे लंडनच्या कोषागारात चार्ल्स ट्रेव्हेल्यनच्या हाती होती. पुढे तोच मद्रासचा गव्हर्नर आणि नंतर भारताचा अर्थसदस्य झाला.

हैदराबाद संस्थान. दुष्काळाच्या वेळी दिवाण होते पहिले सालारजंग. वाडी–सिकंदराबाद लोहमार्ग दुष्काळाच्या दोनच वर्षे आधीचा, 1874 चा. 1853 मध्ये ब्रिटिशांनी फौजेच्या खर्चापोटी घेतलेला वऱ्हाड परत मिळावा म्हणून सालारजंगांचे प्रयत्न चालू होते. ते 1876 मध्ये इंग्लंडला जाऊन आले, तिथे त्यांचा मानसन्मान झाला, वऱ्हाड मात्र मिळाला नाही.

पडसाद. 1878 मध्ये दुष्काळ विमानिधीच्या नावाने नवे कर बसले. अफगाण युद्ध सुरू होताच त्या पैशाला दुसरे पाय फुटले. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातले कारकून वासुदेव बळवंत फडके यांनी दुष्काळी मुलूख पाहिला होता; फेब्रुवारी 1879 मध्ये त्यांनी बंड उभारले. जुलैमध्ये विजापूरकडील देवर नावडगी येथे मेजर डॅनियल आणि हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. एडनच्या तुरुंगात 17 फेब्रुवारी 1883 रोजी त्यांचा मृत्यू झाला.

1880 च्या दुष्काळ आयोगाच्या अहवालातून दुष्काळ संहिता निघाली. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी तिच्यातले हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगाव पाठवले. 1897 मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.