एक आराखडा, दोन राजवटी

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरात, म्हणजेच पांडवलेण्यांत, क्रमांक १० आणि क्रमांक ३ ही लेणी लागोपाठ पाहावीत. दहावे लेणे क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने खोदविले. तिसरे गौतमी बलश्रीने, आपला नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९व्या वर्षी, भिक्षुसंघास दिले. तेथील प्राकृत लेखात आपल्या पुत्राने, गौतमीपुत्र सातकर्णीने, क्षहरातांचा वंश निर्मूळ केल्याचा अभिमान आहे. आणि लेणे मात्र त्याच शत्रूच्या नमुन्यावर बेतलेले! सहा खांबांची ओसरी, आत खांबविरहित मंडप, तीन बाजूंस खोल्या, मागील भिंतीवर कोरलेला स्तूप.

राजवट बदलली तरी आराखडा टिकला, कारण भिक्षूंची गरज तीच होती: पावसाळ्यात निवारा, एकत्र बसण्यास जागा, एकांतास खोली. पण ही नक्कल नव्हे. तिसऱ्या लेण्याच्या दारावर सांचीच्या तोरणाची आठवण देणारे शिल्प आहे, आणि ओसरीचा भार खांद्यावर घेतलेल्या मूर्ती खाली दिसतात. सांगाडा परंपरेचा, तपशील कारागिराचा.

संगणकप्रणालीच्या इतिहासात हाच विचार फार उशिरा आला, आणि तोही वास्तुशास्त्रातून. ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९६४ च्या ग्रंथात ६०० वस्तीच्या एका भारतीय खेड्याच्या १४१ गरजा मांडून त्यांतील परस्परसंबंध तपासले होते. १९७७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५३ वास्तुनमुन्यांची भाषा सिद्ध केली. १९८७ मध्ये केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी ती कल्पना प्रणालीलेखनात आणली. १९९४ मध्ये गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस यांचा २३ नमुन्यांचा ग्रंथ आला.

वस्तुनिष्ठ प्रणाली म्हणजे परस्परांस निरोप धाडणाऱ्या वस्तूंचा समुदाय. त्या २३ नमुन्यांपैकी 'टेम्प्लेट मेथड' घ्या. कामाचा क्रम मूळ वर्गात एकदाच बांधायचा, काही पायऱ्या उपवर्गांसाठी मोकळ्या सोडायच्या. त्रिरश्मीच्या विहाराचे याहून नेमके वर्णन आम्हांस सुचत नाही.

मग अडते कुठे? त्या ग्रंथात प्रत्येक नमुन्यासोबत तो कोणत्या अडचणीवर उतारा आहे, केव्हा वापरावा आणि त्याची किंमत काय, हे सांगितले आहे. विद्यार्थी मात्र पुष्कळदा नावे व आकृत्याच पाठ करतात, आणि दहा ओळींच्या कामावर चार नमुने लादतात. साहित्याच्या वर्गात आम्ही तरी वेगळे काय करतो? वृत्ताचे गण घोकून घेतो; कवीला तेच वृत्त का घ्यावेसे वाटले, हे विचारायचे राहून जाते. अशा शिक्षणातून लक्षणे सांगणारा तयार होतो, रचणारा नाही.

१९९६ साली अलेक्झांडर यांनी प्रणालीकारांच्या परिषदेत विचारले होते की, तुमच्या नमुन्यांनी माणसांचे जगणे अधिक चांगले होते काय? हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. नमुना शिकवण्याआधी अडचण शिकवावी. तिसऱ्या लेण्याच्या कारागिराने शत्रूचा आराखडा निःसंकोच उचलला, कारण तो कोणासाठी खोदतो आहे हे त्याला ठाऊक होते.