वासेनचं चर्च तीनदा दिसतं

आल्प्समधून रेल्वेने फिरायचंय आणि हातात दोनच दिवस आहेत, असं कुणालाही सांगून बघा. उत्तरं ठरलेली असतात. ग्लेशियर एक्सप्रेस, नाहीतर बर्निना, नाहीतर सरळ युंगफ्राउयोख. तिन्ही उत्तम आहेत, वाद नाही. पण ग्लेशियर एक्सप्रेस झेरमाटहून सेंट मॉरिट्झला पोचायला आठ तास घेते, आणि तिच्या दोन्ही टोकांना जाणं-येणं धरलं की वीकेंड संपला. युंगफ्राउयोख ३४५४ मीटरवर आहे, तिकीटही त्याच उंचीचं. बर्निनाचा विचार मी बराच केला. दात्यांची मदत न घेता दर हजार मीटरला ७० मीटर चढणारी रेल्वे, १९१० पासून चालू, म्हणजे इंजिनियर माणसाला लाळ सुटावी असं काम. पण झुरिचहून जाऊन-येऊन तिथेही दमछाक होतेच.

आई-बाबा इकडे येतायत, आईचे गुडघे, बाबांची 'उगाच खर्च कशाला' ही टेप, हे सगळं धरून मी जो मार्ग निवडलाय त्याचं नाव जाहिरातींत फारसं नसतं. गॉटहार्डची जुनी रेल्वे. जुनी म्हणायचं कारण, १ जून २०१६ ला तिच्या खाली ५७ किलोमीटरचा नवा बोगदा सुरू झाला. जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. झुरिचहून इटलीकडे जाणाऱ्या वेगवान गाड्या आता त्यातून जातात, आणि आल्प्स पार होताना प्रवाशाला खिडकीत स्वतःचा चेहरा दिसतो. वीसेक मिनिटं! मग बाहेर एकदम पामची झाडं आणि इटालियन भाषा. वेळ वाचतो, झकास सोय आहे, पण 'आल्प्समधून गेलो' असं म्हणायला जीभ रेटत नाही.

जुन्या मार्गावर अजून दर तासाला एक गाडी आहे, त्रेनो गोत्तार्दो नावाची, तांबूस रंगाची. साधं तिकीट चालतं, आरक्षणाची सक्ती नाही, स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेगळे पैसे नाहीत. नव्या बोगद्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. आणि या तासाभरात जे काही दिसतं त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे वासेन गावचं छोटं पांढरं चर्च. ते तीनदा दिसतं. आधी आपल्या वरती, मग आपल्या पातळीला, मग खाली. पहिल्यांदा जाणारा माणूस दुसऱ्या वेळी गोंधळतो की हे दुसरं गाव का काय!

हा चमत्कार पर्यटकांसाठी केलेला नाही. दरी जेवढ्या वेगाने वर चढते तेवढ्या वेगाने गाडीला चढता येत नाही, एवढंच. इथे चढाची मर्यादा होती हजार मीटरला २७ मीटर. दरी त्याहून तीव्र. मग उंची मिळवायची तर लांबी वाढवायची. म्हणून रूळ डोंगरात शिरतात, आतल्या आत गोल फिरतात आणि घुसले त्याच जागेच्या वरच्या अंगाला बाहेर येतात. रॉबर्ट गेरविग या जर्मन इंजिनियरने ब्लॅक फॉरेस्टच्या रेल्वेत असे वळसे आधी आखले होते, आणि गॉटहार्ड कंपनीचा पहिला मुख्य इंजिनियर तोच. दक्षिणेच्या उतारावर फाइदोजवळ आणि बियास्किनाच्या दरीत असे गोल बोगदे पुन्हा येतात. बाबांना हे फोनवर समजावत होतो तर म्हणाले, "अरे, म्हणजे आपला बोरघाटच की." आकडा तपासला तर खरंच, बोरघाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे हजाराला २७. तोच! फक्त आपल्या घाटात वळशाऐवजी खंडाळ्याजवळ गाडी उलटी फिरवायची सोय केली होती. आणि बोरघाट १८६३ मध्ये सुरू झाला, गॉटहार्डच्या १९ वर्षं आधी. बाबांचा आवाज लगेच खुलला.

पण मला खरं खिळवून ठेवलं ते या वळशांच्या शेवटी येणाऱ्या बोगद्याने. गोशेनेन ते आयरोलो, १५ किलोमीटर. आयटीतल्या माणसाने ही गोष्ट वाचावीच, कारण ही शुद्ध फिक्स्ड बिड प्रोजेक्टची गोष्ट आहे.

पैसा तीन देशांचा. इटलीने ४५ दशलक्ष फ्रँक, जर्मनी आणि स्वित्झर्लंडने प्रत्येकी २० दशलक्ष द्यायचे. प्रोजेक्टमागचा माणूस आल्फ्रेड एशर, झुरिचचा राजकारणी आणि उद्योजक. (त्यानेच १८५६ मध्ये जी बँक काढली ती पुढे क्रेडिट स्विस झाली आणि २०२३ मध्ये यूबीएसने गिळली. असो.) बोगद्याचं कंत्राट १८७२ मध्ये मिळालं जिनिव्हाजवळच्या लुई फाव्रला. हा सुताराचा मुलगा, पदवी वगैरे काही नाही, काम करत करत कंत्राटदार झालेला. त्याने आठ वर्षांत बोगदा देतो म्हणून लिहून दिलं. ८० लाख फ्रँकची ठेव ठेवली. उशीर झाला तर दिवसाला ५००० फ्रँक दंड, सहा महिन्यांनंतर १०,०००. लवकर झालं तर तेवढंच बक्षीस.

आता यातला पेच बघा. बोगद्याच्या वर हजार-दीड हजार मीटर डोंगर. मधे कुठे विहीर खणून आणखी दोन तोंडं उघडावीत तर शक्यच नाही. खणायला फक्त दोनच टोकं, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. म्हणजे माणसं कितीही वाढवा, टोकाशी मावतील तेवढीच. आपल्याकडे डेडलाइन जवळ आली की मॅनेजर 'चार रिसोर्स अजून घ्या' म्हणतो ना, तो उपाय इथे पहिल्याच दिवशी बाद होता. फाव्रच्या हाती उरला फक्त वेग. दाबलेल्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रं आणि नोबेलचा डायनामाइट, जो तेव्हा नवीन होता. स्फोट झाला की धूर निवळायच्या आत पुढची टोळी आत.

त्या टोळ्यांत बहुतेक सगळे इटालियन, पिएमाँट आणि लोंबार्डीकडचे गरीब शेतकरी-मजूर. आत तापमान तिशीच्या वर, पाणी गळतंय, हवा पुरत नाही कारण तीच दाबलेली हवा यंत्रांनाही लागते. गोशेनेन हे एवढंसं गाव, त्यात ही माणसं कोंबलेली. एकच पलंग पाळीपाळीने दोघा-तिघांनी वापरायचा, एक कामाला गेला की दुसरा झोपणार. जुलै १८७५ मध्ये त्यांनी संप केला, बोगद्याचं तोंड अडवलं. मागणी होती बरी हवा आणि बरा पगार. ऊरी कँटनने हत्यारबंद लोक पाठवले, गोळीबार झाला, चार कामगार मेले. काम पुन्हा सुरू झालं.

पुढे एक वेगळंच दुखणं उपटलं. माणसं पांढरीफटक पडायला लागली, दम लागायचा, ताकद जायची. १८८० मध्ये तुरीनला पेरोनचितो या प्राध्यापकाने उलगडा केला: हूकवर्म, म्हणजे अंकुशकृमी. बोगद्यात संडासच नव्हते. ऊबदार चिखलात अळ्या वाढायच्या आणि माणसांच्या अंगात शिरायच्या. आल्प्सच्या थंडीत उष्ण कटिबंधातला रोग! डेडलाइनच्या हिशेबात संडास बसला नव्हता, एवढं साधं कारण. काम संपल्यावर हेच कामगार दुसऱ्या देशांतल्या खाणींत गेले आणि रोगही बरोबर घेऊन गेले. बोगद्यातल्या अपघातांत मेलेल्यांचा आकडा २०० च्या जवळपास सांगतात. गावी परत जाऊन मेलेले त्यात नाहीत.

फाव्र स्वतःही सुटला नाही. १९ जुलै १८७९ ला पाहुण्यांना काम दाखवताना तो बोगद्यातच कोसळला आणि गेला. वय ५३. सात महिन्यांनी, २९ फेब्रुवारी १८८० ला, दोन्ही टोळ्या एकमेकींना भेटल्या, आणि भोकातून पलीकडे पहिली वस्तू गेली ती फाव्रचा फोटो ठेवलेली पत्र्याची डबी. दोन्ही बाजूंच्या खोदकामातला फरक निघाला बाजूला ३३ सेंटिमीटर आणि उंचीत ५. १८८० साली, जीपीएस नाही, लेझर नाही, साडेसात-साडेसात किलोमीटर आंधळेपणाने खणून! मी हा आकडा आमच्या टीममध्ये सांगितला तेव्हा टेस्टिंगवाला सोडून सगळे गप्प झाले.

तरी प्रोजेक्ट लेटच. तिथून पूर्ण बोगदा तयार व्हायला १८८१ संपावं लागलं, सगळा मार्ग १८८२ मध्ये खुला झाला. दंडाचं लचांड फाव्रच्या वारसांच्या मागे लागलं. खर्च इतका फुगला होता की एशरला १८७८ मध्येच कंपनी सोडावी लागली, आणि बोगदा आरपार झाला त्या समारंभाचं आमंत्रणही त्याला नव्हतं. आज झुरिच स्टेशनच्या दारात त्याचा भलामोठा पुतळा आहे, खाली कारंजं. लोक तिथे भेटायच्या वेळा ठरवतात.

आपल्या बोरघाटातही कंत्राटदार असाच गेला होता, सॉलोमन ट्रेडवेल. १८५९ मध्ये आला आणि काही आठवड्यांत आजाराने मेला. त्याची बायको अ‍ॅलिसने कंत्राट हातात घेऊन काम तडीला नेलं. मजूर किती हजार गेले ते सांगायला बसलो तर वेगळा लेख होईल. कर्जत सोडताना मागून इंजिनं लागतात तेव्हा आपण वडापाव शोधत असतो, त्यामुळे स्विस लोकांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही.

नव्या बोगद्यात नऊ कामगार गेले. एकोणिसाव्या शतकाच्या तुलनेत हा फरक फार मोठा आहे, आणि बोगदा चौपट लांब. जुना मार्ग आता निरुपयोगी, असं म्हणणारेही होते. मग १० ऑगस्ट २०२३ ला नव्या बोगद्यात मालगाडी घसरली, चाक तुटलं होतं. पूर्ण दुरुस्तीला २ सप्टेंबर २०२४ उजाडलं. तोवर बहुतेक प्रवासी गाड्या कुठून गेल्या? वासेनच्या चर्चला तीन फेऱ्या मारून. डिझास्टर रिकव्हरी साइट १४१ वर्षं जुनी असली तरी चालते, फक्त तिची देखभाल बंद करायची नाही.

तर प्लॅन असा. शनिवारी सकाळी झुरिचहून त्रेनो गोत्तार्दो. एर्स्टफेल्डनंतर चढ सुरू होतो, तेव्हा मोबाइल खिशात आणि डोळे खिडकीबाहेर. गोशेनेनला बोगदा सुरू, आयरोलोला संपतो, आणि तिथे आम्ही उतरणार. आयरोलो स्टेशनजवळ व्हिन्चेन्झो व्हेलाचं ब्राँझचं शिल्प आहे. व्हेला याच तिचिनो कँटनचा. त्याने १८८२ मध्ये कुणी न सांगता ते केलं: बोगद्यातून मेलेल्या सोबत्याला स्ट्रेचरवर घालून बाहेर आणणारे कामगार. ब्राँझमध्ये ओतून ते इथे बसायला १९३२ उजाडलं. बघायला दहा मिनिटं पुरतात, आईला चढावं लागत नाही. पुढची गाडी तासाभराने, तोवर डबा खाऊ. मुक्काम बेलिंझोनाला, तिथे तीन किल्ले आहेत. रविवारी परत येताना मुद्दाम नवा बोगदा घेणार, बाबांना घड्याळ लावून वेळ मोजायचीये.