विनामूल्य आणि स्वामित्वमुक्त : अहमदनगरच्या किल्ल्यातील तीन ग्रंथ

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडलेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. या बंदिवासात जवाहरलाल नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला. मौलाना आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील बहुतेक पत्रे आणि पट्टाभि सीतारामय्यांचा ‘फेदर्स अँड स्टोन्स’ हीदेखील याच बंदिवासाची निष्पत्ती होय. तिन्ही ग्रंथ १९४६ साली प्रकाशित झाले. स्थळ, काळ व प्रकाशनवर्ष एकच असूनही त्यांच्यावरील स्वामित्वहक्क मात्र निरनिराळ्या वर्षी संपुष्टात आला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ग्रंथकाराच्या हयातीत प्रकाशित झालेल्या कृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे टिकत असे. १९४१ साली निवर्तलेल्या रवींद्रनाथ ठाकुरांच्या कृतींची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती साठ वर्षांची करण्यात आली. ही गणना मृत्यूनंतरच्या पहिल्या १ जानेवारीपासून होते. आझाद १९५८ साली, सीतारामय्या १९५९ साली व नेहरू १९६४ साली निवर्तले. त्यामुळे भारतात त्यांचे हे ग्रंथ अनुक्रमे २०१९, २०२० व २०२५ या वर्षांच्या आरंभी स्वामित्वमुक्त झाले. मुदत न वाढती, तर हीच वर्षे २००९, २०१० व २०१५ अशी असती.

२०२२ साली एखाद्या अंकीय संग्रहात हे तिन्ही ग्रंथ शेजारी शेजारी ठेवले असते, तर वाचकाला ते सारखेच ‘फुकट’ भासले असते. तथापि पहिले दोन सर्वांच्या मालकीचे होते, तिसरा नव्हता. किंबहुना एकाच मुखपृष्ठाआड दोन स्थिती नांदू शकतात. नेहरूंच्या ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीस इंदिरा गांधींची प्रस्तावना आहे. त्यांचा मृत्यू १९८४ सालचा असल्याने तिच्यावरील हक्क २०४४ अखेरपर्यंत टिकेल. भाषांतराचीही मुदत भाषांतरकाराच्या मृत्यूपासून स्वतंत्रपणे मोजावी लागते.

जुन्या संगणक-खेळांच्या संग्रहात हा घोटाळा अधिक गहन होतो. भारतीय कायद्याने १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणकाच्या आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत केली आहे. त्यामुळे त्या दशकातील खेळ केवळ कालमानाने स्वामित्वमुक्त झाला असण्याचा संभव अत्यल्प होय. त्याची विक्री थांबली म्हणजे त्यावरील हक्कही संपला, हे अनुमान निराधार आहे. मुक्तता आली असेल तर ती बहुधा हक्कधारकाच्या कृतीनेच आलेली असते, आणि त्या कृतीचे प्रकार भिन्न असतात. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा खेळ रिव्होल्यूशन या संस्थेने २००३ साली विनामूल्य केला. ही हक्क राखून दिलेली अनुज्ञा होय. ‘डूम’चा पहिला भाग १९९३ साली वाटपासाठी मोकळा ठेवण्यात आला व १९९७ साली त्याची मूळ आज्ञावली प्रसिद्ध झाली, तरी उरलेल्या भागांतील चित्रे, नकाशे व ध्वनी यांवरील हक्क कायम राहिले. हक्काचा संपूर्ण त्याग ही तिसरीच गोष्ट असून भारतीय कायद्याचे २१ वे कलम तिला वाट देते.

यास्तव ‘मुक्त’ हा एकच शब्द नोंदीत पुरेसा ठरत नाही. मुक्तता कोणत्या घटकाची, कोणत्या आधारे, कोणत्या दिनांकापासून व कोणत्या देशात, या चार प्रश्नांची उत्तरे नोंदीने द्यावयास हवीत. आधार मुदतीचा असल्यास ग्रंथकाराचे मृत्युवर्ष, अनुज्ञेचा असल्यास तिचा मजकूर आणि त्यागाचा असल्यास त्याची सूचना नोंदीशी जोडलेली असावी. अनुज्ञेला स्वामित्वमुक्ती म्हटल्याने ग्रंथकाराचा हक्क बुडतो, आणि त्या नोंदीवर विसंबून पुनर्मुद्रण करणारा अभ्यासक अडचणीत येतो. उलट, आझादांच्या पत्रांवर आजही ‘हक्क राखीव’ असा शिक्का मारल्यास जनतेची मालमत्ता तिच्यापासून हिरावली जाते. दुसरी चूक सावधगिरीचा वेष घेऊन येते; म्हणूनच ती दीर्घकाळ टिकून राहते.