मलबार–कंबाला टेकड्यांची रांग

मलबार–कंबाला टेकड्यांची रांग : मुंबई बेटाच्या पश्चिम कडेने गेलेली बेसाल्टची खडकाळ रांग. दक्षिणेस राजभवन असलेल्या मलबार पॉइंटपासून ती उत्तरेस महालक्ष्मीपर्यंत जाते. केम्प्स कॉर्नरच्या खोलगट भागामुळे तिचे मलबार हिल आणि कंबाला हिल असे दोन भाग पडतात. महालक्ष्मीपुढची वरळीची टेकडी भूरचनेच्या दृष्टीने याच रांगेचा पुढचा भाग होय. या दोहोंमधील खिंडारातून भरतीचे पाणी बेटाच्या सखल मध्यभागात शिरत असे. हॉर्नबी वेलार्ड या बांधाने १७८४ च्या सुमारास ते अडवले गेले. डोंगरी, माझगाव आणि शिवडीकडील टेकड्या ही बेटाची पूर्वेकडील रांग होय.

भूरचना : सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हापासून येथील खडक तयार झाले. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जागोजागी गोड्या पाण्यातील गाळाचे खडक आढळतात. वरळीच्या अशा थरांत सापडलेल्या लहान बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. खडकांचे थर पश्चिमेस समुद्राकडे कललेले आहेत. त्यामुळे गिरगावकडील पूर्व बाजू कड्यासारखी उभी, तर पश्चिम उतार तुलनेने सौम्य आहे. पश्चिमेस पायथ्याशी लाटांनी झिजलेला खडकाळ किनारा आहे. गिरगाव चौपाटीची वाळू मात्र रांगेच्या पूर्वेस, बॅक बेच्या आडोशाला साचलेली आहे.

पाणी : वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही झऱ्यामुळे गोडा राहिला आहे. पोर्तुगीज काळात नष्ट झालेले वाळकेश्वराचे मंदिर रामा कामत यांनी १७१५ मध्ये पुन्हा बांधले. टेकडीच्या माथ्यावरील उंचीचा लाभ घेऊन तेथे जलाशय बांधला गेला. त्यातून दक्षिण मुंबईच्या सखल वस्त्यांना पाणी पुरवले जाते. हँगिंग गार्डन या जलाशयावरच आहे.

वस्ती : ही रांग एके काळी दाट झाडीची आणि विरळ वस्तीची होती. पारशी समाजाने सतराव्या शतकात अंत्यविधीसाठी डुंगरवाडीची जागा निवडली ती याच एकांतामुळे. एकोणिसाव्या शतकात येथे बंगले वाढले. १८८० च्या दशकात गव्हर्नरांचे निवासस्थान परळहून मलबार पॉइंटला आले. आज उंच इमारतींमुळे मूळचा चढउतार दुरून ओळखू येत नाही. डुंगरवाडी आणि राजभवनाच्या आवारांत मात्र जुन्या वनश्रीचा अंश टिकून आहे.

संरक्षण : ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत पूर्व उतारावर दरड कोसळून केम्प्स कॉर्नरजवळील रस्त्यांची हानी झाली. थरांवर साचलेली माती, तिच्यात मुरणारे पावसाचे पाणी आणि रस्त्यांसाठी तोडलेला तीव्र उतार ही अशा उतारांवर धोक्याची कारणे ठरतात. उतारावरची झाडे राखणे, पाण्याचा निचरा मोकळा ठेवणे आणि संरक्षक भिंतींची पावसाळ्यापूर्वी तपासणी करणे, हे माथ्यावरील जलाशयाइतकेच पायथ्याच्या वस्तीच्या सुरक्षिततेसाठीही अत्यावश्यक आहे.